आयबीएस, थकवा आणि आपलं स्वयंपाकघर : माहितीपत्रिकेच्या कामाच्या नोंदी, इंदूर

22 जून 2025, रविवार

मंडळाच्या बैठकीत पत्रिकेला होकार मिळाला. आठ पानं, मराठीत, दिवाळीच्या आधी छापून तयार. विषय आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आणि त्याच्या जोडीनं येणारा थकवा. मजकूर मी लिहायचा, कारण हा आजार मला आहे आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायला मी आता लाजत नाही. टाइपिंग रामबागेतल्या काकू करणार.

पत्रिका कशासाठी, ते आधीच लिहून ठेवते. या आजाराचे आहारतक्ते बहुतेक परदेशी ताट समोर ठेवून केलेले आहेत. ब्रेड, पास्ता, सफरचंद. आमच्याकडे सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-पोळी, पाहुणे आले की दाल-बाफले, आणि शेवेचा डबा बारा महिने भरलेला. इंदूरच्या मराठी घरात महाराष्ट्राचा आणि माळव्याचा असे दोन स्वयंपाक एकाच ओट्यावर होतात. त्या ओट्याला लागू पडेल असं काहीतरी हवं.

आणि थकवा. पोटाबद्दल डॉक्टर निदान विचारतात तरी. सकाळी डोळे उघडताच अंगात त्राण नसणं, पोट बिघडलेल्या दिवशी दुपारी हातातली लाटणीसुद्धा जड होणं, याला घरात आळस म्हणतात, नाहीतर टॉनिकची बाटली आणून देतात. मला हे मनापासून लागतं. म्हणून थकव्याला पूर्ण दोन पानं द्यायची, पोटाच्या मजकुरात कुठेतरी कोंबायचा नाही.

28 जून, शनिवार

पहिली दोन पानं लिहिली: आजार ओळखायचा कसा.

निदानाचे मी घेतलेले निकष 2016 चे, त्यांना रोम-4 म्हणतात. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाच्या वेळा बदलणं, मलाचा घट्टपणा बदलणं, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी. त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला जुलाब, कुणाला दोन्ही आलटूनपालटून. माझं तिसऱ्या प्रकारचं.

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे वाक्य ऐकून पेशंट रडकुंडीला येतो, कारण घरचे त्याचा अर्थ "काही झालेलं नाही" असा घेतात. इथे एक परिच्छेद सविस्तर लिहिला. आतडं आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत निरोपांची ये-जा असते. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात. जेवढ्या वायूनं दुसऱ्याला नुसतं पोट भरल्यासारखं वाटेल तेवढ्यानं आम्हाला कळ येते. दुर्बिणीतून आतडं अगदी निरोगी दिसतं, कारण दुर्बीण आतड्याचं अस्तर दाखवते, नसांचा हळवेपणा दाखवत नाही. काही जणांत हा त्रास जुलाब-उलट्यांच्या मोठ्या दुखण्यानंतर सुरू होतो. दुखणं जातं, हळवेपणा मागे राहतो.

चौकटीत, ठळक अक्षरांत: शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन कमी होणं, पन्नाशीच्या सुमारास किंवा नंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. यातलं एक जरी असेल तरी ही पत्रिका बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

दुसरी चौकट गव्हाची. सीलिॲक हा गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा वेगळा आजार, उत्तर भारताच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात तो चांगलाच आढळतो आणि वरवर आयबीएससारखा दिसतो. त्याची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आधी पोळी सोडली आणि मग रक्त दिलं, तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. ओळखीतल्या निम्म्या बायका पोट बिघडलं की पहिल्यांदा पोळी सोडतात, म्हणून ही चौकट पान 2 वरच हवी.

4 जुलै, शुक्रवार. कांदेनवमी

घरभर कांदाभज्यांचा वास. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कांद्याची थालीपिठंही लावली. परवा आषाढी, मग चातुर्मास, कांदा-लसूण-वांगं बंद.

यातूनच पत्रिकेचा मधला भाग सुचला. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठानं पुढे आणलेल्या आहारपद्धतीला कमी फॉडमॅपचा आहार म्हणतात. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा आणि साखरांच्याच छोट्या साखळ्या. त्या पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जिवाणू त्या आंबवतात, वायू होतो, आतडं ताणलं जातं, आणि हळव्या नसा बोंब मारतात. या यादीत कांदा आणि लसूण सगळ्यांत वर. पहिली पायरी अशी की दोन ते सहा आठवडे हे सगळे पदार्थ वगळायचे.

एरवी कांदा सोडला तर घरात चौकशी सुरू होते, वेगळी भाजी, वेगळी कढई, "हिचं रोज काहीतरी नवीन". चातुर्मासात सगळं घरच कांदा सोडतं. पेशंटला पंगतीतून उठावं लागत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. या आजारात माणूस जेवणापेक्षा जेवणाच्या गोतावळ्यातून आधी बाहेर पडतो.

पण चातुर्मास चार महिन्यांचा आणि वगळण्याची मुदत जास्तीत जास्त सहा आठवड्यांची. हा फरक पत्रिकेत पुन्हापुन्हा यायला हवा. आपल्याकडे पथ्य लागलं की जन्माचं लागतं. इथे वगळायचं ते शोधासाठी, आणि शोध संपला की जेवढं सोसतं तेवढं सगळं परत ताटात आणायचं. कायमचं वगळत गेलं तर पोषण घटतं, आतड्यातले उपयोगी जिवाणू उपाशी राहतात, आणि थकवा उलट वाढतो. शक्य असेल त्यानं आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच हे करावं. वजन आधीच कमी असेल, गरोदरपण असेल, किंवा खाण्याची भीतीच बसली असेल, तर हा प्रयोग करू नये.

माझा स्वतःचा प्रयोग परवापासून.

7 जुलै, सोमवार

कालच्या उपासावरून दोन ओळी. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे हे फॉडमॅपच्या हिशेबात बरेच निरुपद्रवी. त्रास देतं ते दिवसभर रिकामं पोट आणि मग एकदम तुपातली खिचडी, वर तळलेले वडे. लांब उपास आणि भरगच्च जेवण, दोन्ही आतड्याला झटका देतात. खिचडी थोडी थोडी, तीन वेळा. आईंना हे पटलं, त्यांचाही उपास त्या तसाच करतात.

15 जुलै, मंगळवार

आज ओट्यापाशी उभं राहून फोडणीचं पान लिहिलं. हे पान मला सगळ्यांत जास्त आवडतंय.

लसणातला त्रासदायक भाग, फ्रुक्टन, पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. त्यामुळे लसणाचा स्वाद ठेवून लसूण टाळता येतो. लोखंडी पळीत तेल घेतलं, मंद आचेवर चार पाकळ्या सोलून अख्ख्याच टाकल्या. कडा सोनेरी होऊन तेलात बारीक बुडबुडे यायला लागले, वास सुटला, तशी पाकळ्या झाऱ्यानं काढून टाकल्या, एकही तुकडा राहू दिला नाही. मग त्याच तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता. ही फोडणी भातावर घातली तर लसूण नाही हे सांगूनही कुणाला पटत नाही. (आईंचा चातुर्मास, म्हणून माझी पळी वेगळी आणि वाटीभर भात वेगळा.) उरलेलं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचं नाही, लसणाच्या तेलात जीवघेणं विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. लागेल तेवढंच, ताजं करायचं. याउलट भाजीच्या रश्श्यात लसूण उकळून नंतर पाकळ्या काढल्या तर उपयोग नाही, फ्रुक्टन तोवर रश्श्यात उतरलेलं असतं.

डाळींचंही असंच. त्यांच्यातल्या वायू करणाऱ्या साखरा पाण्यात उतरतात, म्हणून डाळ भिजवायची, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात शिजवायची. मुगाचं पातळ वरण थोड्या प्रमाणात बहुतेकांना झेपतं. छोले-राजमा या सहा आठवड्यांत नकोत.

हिंगाबद्दल काकूंचा प्रश्न होता. हिंग चालतो. बाजारातल्या बांधणी हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. चिमटीएवढ्यानं आयबीएसला फरक पडत नाही, सीलिॲक असेल तर मात्र डबीवरची यादी वाचूनच घ्यायचा.

गव्हातही फ्रुक्टन असतं, म्हणून पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि भात. सकाळी हाताला जोर नसेल तर भाकरी थापणं होत नाही, त्या दिवशी सरळ मऊ भात, वर साजूक तूप. तुपात दुधातली साखर जवळजवळ नसतेच.

19 जुलै, शनिवार

इंदुरी पान. याशिवाय इथे कुणी पत्रिका हातात धरणार नाही.

पोहे उत्तम. तांदळाचे, हलके, आणि आपल्या गावचे तर वाफेवर ठेवलेले, तेल बेताचं. त्यावर पडतं ते बघायचं: कच्चा कांदा नको, शेव चमचाभरच, कारण ती बेसनाची आणि तळलेली. जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, चालतं, तिखट आपल्याला सोसेल तेवढं. तिखटात फॉडमॅप जवळजवळ नाहीत, पण हळव्या आतड्याला मिरची स्वतंत्रपणे झोंबते. आज सकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर "भिया, बिना प्याज के, सेव कम" असं सांगितलं, त्यानं वर डाळिंबाचे चार दाणे आणि बडीशेप जास्त घातली.

सराफ्यातलं, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातलं: गराडू हा कंद म्हणून चालण्यासारखा, तळलेला म्हणून थोडा. भुट्टे का कीस दुधात शिजवतात, तेव्हा वगळण्याच्या काळात नाही. रबडी आणि इंदुरी शिकंजी, दोन्ही दाट दुधाच्या. दूध आटलं की पाणी जातं आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तेवढंच राहतं, म्हणून वाटीभर रबडी म्हणजे कितीतरी दूध. कचोरी तळलेली, मैद्याची, रात्री अकराला. तिच्याबद्दल मी एवढंच लिहिलंय की मोठं तेलकट जेवण आतड्याच्या हालचाली जोरात सुरू करतं, आणि सराफ्याच्या गर्दीतून स्वच्छतागृह गाठणं सोपं नसतं. बाहेर निघताना स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून ठेवलं की निम्मी घाबरगुंडी कमी होते, आणि घाबरगुंडी कमी झाली की पोटही कमी पिळवटतं.

29 जुलै, मंगळवार

नागपंचमी. पुरणाची दिंडं. गहू आणि हरभऱ्याची डाळ एकाच घासात, म्हणून आज फक्त नैवेद्यापुरतं. आईंनी माझ्यासाठी तांदळाच्या उकडीत नारळ-गूळ भरून वेगळी दोन केली.

5 ऑगस्ट, मंगळवार

थकव्याची पानं. मजकूर पुन्हापुन्हा खोडून लिहिला, कारण इथे खोटा धीर द्यायचा नाही आणि घाबरवायचंही नाही.

आधी हे स्पष्ट: आयबीएस असलेल्या पुष्कळ लोकांना थकवा असतो, अभ्यासांतून ते दिसलेलं आहे, आणि पेशंटचा तो कल्पनाविलास नाही. रात्री पोट दुखून झोप तुटते. आतड्याच्या नसा आणि मेंदू एकमेकांना सतत सावध ठेवतात. भीतीपोटी खाणं कमी होतं.

पण प्रत्येक थकवा आयबीएसच्या खात्यावर टाकायचा नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, थायरॉइड, साखर या तपासण्या डॉक्टरांशी बोलून करून घ्याव्यात. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही तो आटलेला असू शकतो, आणि पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांत हे नेहमी होतं. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास सापडते. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-12 कमी शोषलं जातं. माझं बी-12 कमीच निघालं. उपचारानंतर हातापायांच्या मुंग्या गेल्या, थकवा थोडा उतरला, सगळा नाही. हे असंच लिहिलंय.

दुसरं म्हणजे, थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी माणूस अंथरुणालाच खिळत असेल, झोपूनही ताजंतवानं वाटत नसेल आणि हे सहा महिन्यांच्या पुढे गेलं असेल, तर तो एमई/सीएफएस नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्यात "चाल, व्यायाम कर, बरं वाटेल" हा सल्ला घात करतो. श्रमानंतर असं कोसळण्याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात, डॉक्टरांना हे लक्षण नाव घेऊन सांगावं.

मग रोजचं. मला जे लागू पडतं ते लिहिलं, आणि तसं सांगूनच लिहिलं. उठण्याची वेळ एकच, रात्र कशीही गेली असली तरी. सकाळी कोमट पाणी, थोडं खाणं, आणि संडासला निवांत वेळ. जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, तिचा फायदा घ्यायचा, कुंथायचं नाही, पायाखाली छोटा पाट. चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांच्या आत, ब्रिटनच्या आयबीएस मार्गदर्शिकेतही हाच आकडा आहे. जड कामं एका दिवशी एकच: गव्हाचं दळण आणायचं असेल त्या दिवशी माळा आवरायचा नाही. बरं वाटलेल्या दिवशी साठलेलं सगळं काम उपसायला बसायचं नाही, हे सगळ्यांत कठीण. आपल्या बायकांना अंगात जरा जोर आला की कपाट उघडायची घाई होते.

घरच्यांसाठी वेगळा परिच्छेद. "कशी आहेस?" ऐवजी "आज कुठलं काम माझ्याकडे देतेस?" असं विचारा. आमच्याकडे यांनी सकाळचा डबा स्वतःकडे घेतला. पोह्यांत मीठ कमी पडतं कधी, पण माझा सकाळचा तास वाचतो.

18 ऑगस्ट, सोमवार

वगळण्याची मुदत संपली. गुबारा बराच उतरला, कळा कमी झाल्या. नोंद कालनिर्णयच्या चौकोनांत ठेवली होती, मलाच्या प्रकाराचा आकडा ब्रिस्टल तक्त्याप्रमाणे 1 ते 7. 1 म्हणजे सुट्या कडक गोळ्या, 4 म्हणजे गुळगुळीत मऊ, 7 म्हणजे निव्वळ पाणी. शेजारी थकव्यासाठी क, म, ज, म्हणजे कमी, मध्यम, जास्त. डॉक्टरांपुढे हे पान ठेवलं की "पोट बरं नसतं हो" या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

आता परत आणण्याची पायरी. बाकी आहार तसाच ठेवून एका वेळी एकच पदार्थ: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी वाढवून, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढा. त्रास झाला तर थांबायचं, पोट निवळेपर्यंत दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, मग पुढचा. फॉडमॅपच्या एकेका प्रकाराचा नमुना असा: लॅक्टोजसाठी दूध, फ्रुक्टनसाठी गहू, कांदा आणि लसूण तिन्ही वेगवेगळे, कडधान्यांसाठी छोले, फ्रुक्टोजसाठी मध, मॅनिटॉलसाठी फ्लॉवर.

अडचण कांद्याची. चातुर्मास चालू आहे. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "औषध म्हणून खायचा ना? मग खा. तुझी कढई तेवढी बाजूला ठेव, आणि खिडकी उघडी ठेव." हे वाक्य त्यांच्या परवानगीनं पत्रिकेत घेतलं.

27 ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. उकडीचे मोदक: तांदूळ, नारळ, गूळ. आमच्यासारख्यांसाठी हा सण उदार आहे. प्रयोग आरत्यांपुरते थांबवले, गडबडीत कशानं काय झालं ते कळत नाही.

7 सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, बघायला रात्रभर जागरण, आज दिवसभर अंग गळालेलं, पोटही बिघडलं. काल खाण्यात काहीच वेगळं नव्हतं. थकव्याच्या पानात भर घातली: झोप मोडली तर दुसऱ्या दिवसाचं पोट आधीच बिघडलेलं धरा, नवा पदार्थ त्या दिवशी तपासू नका. झांक्या बघायच्याच. दुसरा दिवस मोकळा ठेवायचा.

20 सप्टेंबर, शनिवार

औषधांचं पान डॉक्टरांनी तपासून दिलं.

इसबगोल आधी. आपल्या नीमच-मंदसौरकडचंच पीक. त्यातला विरघळणारा चोथा बद्धकोष्ठ आणि जुलाब दोन्हींत कामाला येतो. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात, भरपूर पाण्याबरोबर, हळूहळू वाढवायचा. गव्हाचा कोंडा मात्र पुष्कळांचा गुबारा वाढवतो. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलनं कळ सैलावते, छातीत जळजळ होणाऱ्यांनी जपून. बाजारच्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला चाबूक मारून पळवते. रोजची सवय लावू नये.

अमिट्रिप्टिलिन या मुळात नैराश्यावरच्या औषधाचं नाव चिठ्ठीवर दिसलं की घरात "मानसिक गोळी दिली" असा गहजब होतो. म्हणून आकड्यांसह लिहिलं: 2023 मध्ये इंग्लंडमधल्या 463 पेशंटांवरच्या अभ्यासात 10 ते 30 मिलिग्रॅम एवढ्या लहान मात्रेनं आयबीएसची लक्षणं सहा महिन्यांत नकली गोळीपेक्षा जास्त उतरली. नैराश्यासाठी मात्रा याहून मोठी लागते, इथे ती नसांचा हळवेपणा कमी करायला दिलेली असते. तोंड कोरडं पडणं, सुस्ती, बद्धकोष्ठ हे त्रास होऊ शकतात, म्हणून आधीच थकलेल्यानं वेळ आणि मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

मनाच्या उपचारांवर एक परिच्छेद. मँचेस्टरचे पीटर व्होरवेल यांनी 1984 मध्येच आयबीएसवर संमोहनाचा उपयोग दाखवला होता. इथे तसा तज्ज्ञ हाताशी नसला तरी समुपदेशन मिळू शकतं, आणि जेवणाआधी दहा मिनिटं पोटानं श्वास घेण्याला पैसे पडत नाहीत.

6 ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

माझे निकाल पान 7 वर उदाहरण म्हणून: दूध अर्धा कप चालतं, आटवलेलं नाही. दही, ताक, घरी चक्का बांधून केलेलं श्रीखंड थोडं चालतं, चक्क्यातून पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं. शरबती गव्हाच्या दोन पोळ्या आरामात, तिसरी नाही. शिजलेला कांदा चमचाभर, कच्चा अजिबात नाही. लसूण तेलातूनच. छोले नाहीत, मूग आहेत. खाली ठळक ओळ: ही यादी माझी आहे, तुमची वेगळी निघेल.

थकव्याचे चौकोन अजून "म" वरच आहेत. "ज" कमी झाले. तेही छापलंय.

आज मसाला दुधाचे दोन घोट घेतले, गच्चीवर सगळ्यांबरोबर.

9 ऑक्टोबर, गुरुवार

फाइल प्रेसला गेली. काकूंनी दोन जागी शुद्धलेखन सुधारलं, ब्रिस्टल तक्त्याची चित्रं मोठी करायला सांगितली. घरातली म्हातारी माणसं चष्म्याशिवाय बघणार. प्रती मंडळात, ग्रंथालयात, आणि ज्या औषधांच्या दुकानदारांनी होकार दिला त्यांच्याकडे.

पुढच्या छपाईसाठी वहीत आलेले प्रश्न: मक्याच्या पिठाच्या पानियांचं काय, वांग्याचं भरीत कांद्याशिवाय कसं, शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्गातून उठू देण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी कशी मागायची. तिसरा आधी घ्यायचा.